धरण नसलेली नदी

चंडीगडहून मनालीला जाणारा महामार्ग औटपाशी जवळजवळ तीन किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरतो. पर्यटकांच्या बहुतेक गाड्या त्या बोगद्यातून सरळ कुल्लूकडे निघून जातात. तीर्थन खोऱ्यात जायचं असेल तर बोगद्याच्या अलीकडेच महामार्ग सोडावा लागतो. मग लगेच लारजी येतं. इथे सैंज आणि तीर्थन या दोन नद्या येऊन बियासला मिळतात. मी गाडी इथेच थांबवायला सांगितली, कारण पाण्याच्या माणसाला पाहण्यासारखी अशी जागा क्वचित मिळते. बियासवर १२६ मेगावॉटच्या लारजी प्रकल्पाचा बांध. सैंज खोऱ्यात ५२० मेगावॉटचा पार्वती टप्पा-३. वर अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून वीजगृहात उतरतं. आणि तिसरी तीर्थन. तिच्या मुख्य प्रवाहावर असा एकही मोठा प्रकल्प नाही. उगमापासून इथपर्यंत ती जशी येते तशी येते.

माझी सगळी नोकरी महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यात गेली. शाखा अभियंता म्हणून लागलो, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. पाणी म्हटलं की विसर्ग किती, आवर्तन कधी, शेवटच्या चारीपर्यंत पोचतंय का, एवढंच डोक्यात असायचं. निवृत्तीनंतर दोन गोष्टी मनापासून शिकायला घेतल्या: छायाचित्रण आणि फ्लाय फिशिंग. कॅमेरा आधीही हाताळला होता, पण तो सांडव्याच्या भेगा आणि कालव्याचं अस्तरीकरण टिपण्यापुरता. फ्लाय फिशिंग शिकवलं कोलोरॅडोत राहणाऱ्या पुतण्याने, तिथल्या एका डोंगरी ओढ्यावर. ‘काका, हा गळ टाकून बसायचा प्रकार नाही, इथे नदी वाचावी लागते,’ असं तो म्हणाला आणि मी त्याच दिवशी या छंदात अडकलो. नदी मी आयुष्यभर मोजली होती. ती वाचायची राहून गेली होती.

हे दोन्ही छंद एकत्र नेता येतील अशी आपल्या देशात माझ्या माहितीतली सर्वांत चांगली जागा म्हणजे तीर्थन. ऑक्टोबरमध्ये पत्नीसह तिकडे गेलो.

लारजीहून रस्ता नदीच्या काठाकाठाने अरुंद घळीतून बंजारला चढतो. बंजार हे तालुक्याचं गाव. तिथून एक रस्ता जिभी, शोजा करत जालोरी खिंडीकडे जातो, दुसरा नागिणी, साई रोपा करत गुशैणीला. गुशैणी साधारण पंधराशे-सोळाशे मीटर उंचीवर आहे आणि इथे फलाचन नावाचा ओढा तीर्थनला मिळतो. आमचा मुक्काम नदीला लागून असलेल्या एका घरगुती निवासात होता. पहिल्या रात्री पाण्याच्या आवाजाने पत्नीला झोप लागली नाही, दुसऱ्या रात्रीपासून त्या आवाजाशिवाय झोप येईना.

ऑक्टोबर निवडण्यामागे कारण होतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ आणि धोक्याचं असतं. २०२३ च्या जुलैतल्या पुरात बियास खोऱ्याने काय सोसलं ते सगळ्या देशाने पाहिलं. मे-जूनमध्ये वरचा बर्फ वितळून नदी फुगलेली असते. पावसाळा संपला की पाणी उतरतं, निवळतं, आणि डोहाच्या तळातला प्रत्येक गोटा दिसू लागतो. फोटोंसाठी तर हा महिना फारच उदार. घरांच्या छपरांवर मक्याची कणसं वाळत घातलेली असतात, त्यामुळे अख्खी वस्ती वरून पिवळी दिसते. उतारावर राजगिऱ्याची लालबुंद शेतं असतात. झाडांना ‘जापानी फल’ लगडलेलं असतं, केशरी रंगाचं, टोमॅटोएवढं. आम्ही पोचलो तेव्हा कुल्लूचा दसरा तोंडावर आला होता. आपल्याकडे विजयादशमीला दसरा संपतो, कुल्लूत तो त्या दिवशी सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. खोऱ्याखोऱ्यातल्या देवता त्यासाठी रथात बसून निघतात. बंजारच्या शृंगी ऋषींचा रथ खांद्यांवर डोलत निघालेला पाहायला मिळाला. नगारे, लांबलचक करनाळ, मागून चालणाऱ्या बायकांचे पट्टू, आणि शेजारून वाहणारी नदी. तिथे मी कॅमेरा थोडाच वेळ डोळ्याला लावला, नंतर नुसता चालत राहिलो.

आता माशाकडे येऊ. तीर्थनचा ट्राउट मूळचा इथला नाही. हिमालयात तो इंग्रजांनी आणला, आधी काश्मीरमध्ये. जहाजातून आणलेल्या अंड्यांची पहिली खेप वाटेतच गेली, १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली अंडी जगली. गालिच्यांच्या व्यवसायातल्या फ्रँक मिचेल नावाच्या स्कॉटिश माणसाने श्रीनगरजवळ हारवनला ती पिल्लं वाढवली. कुल्लूत हे काम जी. सी. एल. हॉवेल या अधिकाऱ्याने केलं. त्याने १९०९ मध्ये बियासकाठी माहिली इथे उबवणी केंद्र उभारलं, आणि तिथून ट्राउट बियासमध्ये आणि तिच्या उपनद्यांमध्ये पसरला. आज तीर्थनमध्ये दोन जाती मिळतात. एक ब्राउन ट्राउट: सोनेरी-तपकिरी अंग, त्यावर काळे आणि लाल ठिपके, लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. दुसरा रेनबो, कुशीवर गुलाबी पट्टा असलेला. सरकारी मत्स्यकेंद्र नागिणीला आहे. कुल्लूहून मनालीच्या वाटेवरचं पतलीकूहलचं केंद्र त्याहून मोठं. तिथली रेनबो ट्राउटची पैदास १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेच्या मदतीने वाढवली गेली.

फ्लाय फिशिंग म्हणजे साहेबांचा खेळ, अशी आपली समजूत असते. गळाचा छंद आपल्याकडे त्याहून कितीतरी जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद नावाचा भाग आहे. कोणते मासे कोणत्या पाण्यात, कोणाला कसलं आमिष, काठी कशी, दोरी कशाची, हे सगळं त्यात सांगितलं आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यावर लेख लिहून ते अभ्यासकांच्या नजरेला आणलं. पिसांचा खोटा किडा, म्हणजेच ‘फ्लाय’, करून मासा पकडायची रीत मात्र युरोपातली. इसवी सन दोनशेच्या सुमारास रोमन लेखक ईलियन याने मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरतात, असं लिहून ठेवलं आहे. तत्त्व आजही तेच.

पहिल्या सकाळी आमचा वाटाड्या, गुशैणीजवळच्याच गावातला तरुण, मला काठावर घेऊन गेला आणि रॉड जोडू दिला नाही. आधी त्याने पाण्यातले गोटे उचलून उलटे केले. प्रत्येक गोट्याच्या खालच्या बाजूला एक वस्ती होती. चपटी, तीन शेपट्यांची मेफ्लायची अळी. दोन शेपट्यांची, जरा दांडगी स्टोनफ्लायची. आणि वाळूच्या कणांची नळी स्वतःभोवती बांधून आत राहणारी कॅडिसची अळी. नळीतला कण न् कण जागच्या जागी बसवलेला. दगडी बांधकामात आयुष्य घालवलेल्या माणसाने थक्क व्हावं असं ते काम. या अळ्या महिनोन्महिने, काही जाती वर्षाहूनही जास्त, पाण्याखाली काढतात. मग पंख फुटून वर येतात. मेफ्लायच्या प्रौढ किड्याला खायला चालेल असं तोंडच नसतं. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचं, एवढाच त्याचा पंखांचा काळ. ट्राउट बहुतेक अन्न पाण्याखालीच मिळवतो, म्हणून गोट्याखाली जे दिसेल त्याच्यासारखी दिसणारी फ्लाय निवडायची.

मी निवडली ती फेझंट टेल. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने ही बसवली. फेझंटच्या शेपटीच्या पिसाचे चार-दोन तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढंच साहित्य. धागासुद्धा नाही, बांधायचं आणि वजनाचं काम तारच करते. त्यासाठी लागणारं पीस पाळीव फेझंटचं असतं, बाजारात मिळतं. या डोंगरांतल्या मोनाल आणि जुजुराणासारख्या फेझंट कुळातल्या पक्ष्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पूर्वी हिमाचली टोपीवर मोनालचा तुरा मिरवायचे. तो प्रकार आता बंद व्हायलाच हवा होता.

फ्लायला वजन जवळजवळ नसतं. आपल्या नेहमीच्या गळात शिसं लांब फेकलं जातं आणि दोरी त्याच्या मागे जाते. इथे उलटं: जड असते ती दोरी, आणि फ्लाय तिच्या मागून ओढली जाते. दोरी टोकाकडे निमुळती होत जाते. बैलगाडीवाल्याचा आसूड मुठीकडे जाड आणि शेंड्याला बारीक का असतो, तेच कारण. मनगटाने दिलेली ऊर्जा निमुळत्या दोरीतून पुढे सरकते आणि शेवटचं टोक अलगद उलगडतं. तीर्थनच्या काठाला उतीस, म्हणजे आल्डरची झाडं अगदी पाण्यावर वाकलेली आहेत आणि मागे दरड, त्यामुळे दोरी मागे झुलवायला जागाच नसते. इथे उपयोगी पडतो तो रोल कास्ट. दोरी पाण्यावरच ठेवायची, काठी हळू मागे आणायची आणि एका झटक्यात पुढे. दोरीचा वळसा पाण्यावरून गडगडत जातो. पाठीला झाडं असलेल्या कुठल्याही डोंगरी नदीसाठी मी नवख्याला आधी हाच शिकायला सांगेन.

मासा कुठे असेल हा प्रश्न माझ्या जुन्या विद्येचा होता. नदीचा वेग सगळीकडे सारखा नसतो. तळाशी आणि काठाला तो कमी, मध्यात पृष्ठभागाच्या जरा खाली सर्वांत जास्त. म्हणून आम्ही सरासरी वेग काढताना प्रवाहमापी यंत्र पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर धरायचो. ट्राउटला हे गणित न शिकता येतं. तो वेगात पोहत बसत नाही, दमेल. मोठ्या दगडाच्या पुढे किंवा मागे, तळालगत, मंद पाण्यात तोंड उगमाकडे करून थांबतो आणि शेजारच्या वेगवान धारेतून अन्न आलं की बाजूला सरकून उचलतो. वेगवान आणि मंद पाणी जिथे घासतं तिथे फेसाची एक रेघ तयार होते. फेस वाहून नेणारी धारच किडेही वाहून नेते, त्यामुळे फ्लाय त्या रेघेत टाकायची. असे कितीएक प्रवाह मी आखून काढले होते, पण त्यांच्या रेघेत कोणी राहत असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

थंड पाणी ट्राउटला का लागतं तेही सरळ आहे. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, १० अंशांच्या पाण्यात ११ हून थोडा अधिक. पाणी विशीच्या पलीकडे तापू लागलं की ट्राउट त्रासतो. म्हणूनच तो आपल्या गोदावरीत, कृष्णेत नाही आणि इथे आहे.

मी पुढे सरसावलो तसा वाटाड्या म्हणाला, ‘‘सर, मछली बाद में. पहले अपनी परछाईं देखिए.’’ सूर्य पाठीशी होता आणि माझी सावली माझ्याआधी डोहात पोचली होती. त्याने मला वाकून, खालच्या अंगाने, दगडाआडून यायला लावलं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसतं. ही खिडकी साधारण ९७ अंशांच्या शंकूएवढी असते. मासा मीटरभर खोल असेल तर तिचा व्यास सव्वादोन मीटर. वर आला की ती लहान होते. खिडकीबाहेर त्याला दिसतो पाण्याच्या पृष्ठभागावर उमटलेला तळ. क्षितिजाजवळच्या गोष्टी खिडकीच्या कडेला चेपून जातात, म्हणून बुटका माणूस सुटतो आणि ताठ उभा राहणारा उघडा पडतो. गुडघे साठी ओलांडलेले असले तरी इथे वाकावंच लागतं.

याच्या उलट बाजूला आपली अडचण. आपल्याला पाण्यात आभाळ दिसतं, मासा दिसत नाही. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश बराचसा ध्रुवित असतो, आणि पाण्याच्या पातळीशी ३७ अंशांच्या आसपास नजर असेल तर तो जवळजवळ पूर्ण ध्रुवित होतो. डोळे पाण्यापासून दीड मीटर उंच असतील तर ही जागा सुमारे दोन मीटर समोर येते. पोलराइज्ड चष्मा लावून तिथे पाहिलं की पाण्यावरचा पडदा बाजूला होतो. कॅमेऱ्याच्या भिंगावरचा पोलरायझर फिल्टर नेमकं हेच काम करतो. मच्छीमाराचा चष्मा आणि छायाचित्रकाराचा फिल्टर एकाच नियमावर चालतात हे कळलं, तेव्हापासून हे दोन छंद मला वेगळे वाटेनासे झाले. फिल्टर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, तेवढा आयएसओ वाढवून द्यायचा.

दुपारच्या आत एका मोठ्या खडकाच्या पुढच्या मंद पाण्यात ब्राउन ट्राउट लागला. वीतभराहून थोडा मोठा. दोरी ताणली, त्याने दोनदा धारेत उडी घेतली आणि मग जाळीत आला. जाळी पाण्यातच ठेवली होती. इथे फोटोचा मोह फार वाईट. मासा हातात उचलून हसत काढलेला फोटो म्हणजे माशाचा श्वास कोंडून काढलेला फोटो. आमचा क्रम ठरलेला होता: कॅमेऱ्याची सगळी मोजणी आधी, हात ओले करायचे म्हणजे अंगावरचं बुळबुळीत संरक्षक आवरण निघत नाही, उलटा काटा नसलेलाच गळ, आणि फोटो मासा पाण्यात असताना. अर्धं भिंग पाण्याच्या पातळीशी आणून मी तो टिपला. ओल्या अंगावरचे लाल ठिपके कोरड्या हातातल्या माशावर कधीच असे उजळत नाहीत. जाळी तिरपी केली, तो क्षणभर तिथेच थांबला आणि तळाच्या रंगात मिसळून गेला.

छायाचित्रणाबद्दल माझं एक ठाम मत आहे. वाहत्या पाण्याचे फोटो हल्ली बहुतेक जण शटर दोन-चार सेकंद उघडं ठेवून काढतात. पाणी दुधासारखं, धुक्यासारखं होतं, दिसतं सुंदर. पण त्या फोटोत नदी उरत नाही. उसळी कुठे फुटते, भोवरा कुठे फिरतो, फेसाची रेघ कुठून जाते, सगळं पुसलं जातं. मी एक तीसांश ते सव्वाशांश सेकंदाच्या मधे राहतो. त्यात वेगवान धार थोडी ताणली जाते, मंद पाणी स्थिर राहतं, आणि वेगातला फरक डोळ्यांना दिसतो. त्या फोटोकडे पाहून जाणकाराला मासा कुठे असेल ते सांगता यावं, ही माझी कसोटी.

खोरं अरुंद असल्याने ऊन तळाशी उशिरा पोचतं आणि लवकर जातं. समोरचा डोंगर उजळलेला आणि नदी सावलीत, अशी सकाळची वेळ सगळ्यांत चांगली. सोनेरी उतार सावलीतल्या पाण्यात उतरतो आणि एकाच चौकटीत गार निळा आणि ऊबदार पिवळा दोन्ही मिळतात. त्या वेळी मासाही निर्धास्त असतो. मग रॉड घ्यावा की कॅमेरा, हा पेच रोजचा. मी एक दिवस हा, एक दिवस तो, अशी वाटणी करून टाकली.

पत्नीने पक्ष्यांची वही धरली होती. पाण्याच्या दगडांवर सतत शेपटी पसरणारा निळसर-करडा, तांबूस शेपटीचा वॉटर रेडस्टार्ट. पांढरी टोपी घातलेला त्याचा भाऊबंद. पहाटे पहिली शीळ घालणारा निळा कस्तूर. काळ्या-पांढऱ्या नक्षीचा, तुरेवाला मोठा खंड्या. पण आम्हा दोघांना वेड लावलं ते डिपरने. तपकिरी, गुबगुबीत, दगडावर उठाबशा काढणारा हा पक्षी सरळ धारेत शिरतो आणि पाण्याखाली चालत अळ्या वेचतो. जो गोटा आम्ही सकाळी उलटा केला होता त्याच जातीच्या गोट्याखाली तो दुपारी चोच घालत होता. ‘अहो, तुमच्या माशाचं ताट हा पळवतोय,’ असं ती म्हणाली. डिपर दिसला की पाणी स्वच्छ समजावं, कारण घाण पाण्यात या अळ्या जगत नाहीत.

ट्राउटची बाजू घेताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. तो बाहेरून आलेला मांसाहारी मासा आहे. या नद्यांचा मूळ रहिवासी स्नो ट्राउट, नाव सारखं असलं तरी कुळाने आपल्या रोहू-कटल्याच्या जवळचा, आज धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गणला जातो. धरणं, वाळूउपसा, जास्तीची मासेमारी आणि बाहेरचे मासे, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. ट्राउटमुळे या खोऱ्यात उत्पन्न आलं, नदी राखायला कारण मिळालं, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी धरूनच मी गळ टाकतो.

महाराष्ट्राला यातला धडा जवळून ठाऊक असायला हवा. आपल्या मुळा-मुठेतल्या महासीरची जात कर्नल साइक्सने १८३९ मध्ये शास्त्रात नोंदवली. लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात या महासीरची कृत्रिम पैदास सुरू केली, सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचं त्यावरचं काम देशभर वाखाणलं गेलं. वीजनिर्मितीच्या जलाशयावर माशासाठी झालेलं हे काम मला अभिमानाचं वाटतं. पण तीच पिल्लं कावेरीत सोडली गेली आणि तिथल्या मूळच्या, पाठीला कुबड असलेल्या महासीरची जागा त्यांनी घेतली. तो कावेरीचा महासीर आता नष्टप्राय मासा आहे. एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्यात वळवताना आपण किती वर्षं अभ्यास करतो, मासा मात्र पिशवीत घालून नेतो. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीच्या श्रद्धेने लोकांनी महासीर राखले आहेत. मासा त्याच्याच नदीत राखायची ती रीत मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

तीर्थनही लोकांनीच राखली. या नदीवर जलविद्युत प्रकल्प आखले गेले होते. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ते प्रकल्प मागे पडले. नदी वाहती राहिली तर तिचं मोल जास्त, हे एका लोकप्रतिनिधीने आपल्याच मतदारसंघात ठासून सांगावं, याला मोठं धैर्य लागतं. मी धरणांच्या बाजूचा माणूस आहे. गंगापूर धरण नसतं तर नाशिक आजचं नाशिक नसतं. अवर्षणाच्या तालुक्यात कालव्याचं पहिलं पाणी आलेलं मी पाहिलं आहे, त्या पाण्याला नमस्कार करणारी माणसं पाहिली आहेत. तरीही लारजीच्या त्या संगमावर मला स्पष्ट वाटलं की प्रत्येक डोंगररांगेत निदान एक नदी पूर्ण मोकळी ठेवायला हवी. वीजगृह चालेल तसं ज्या नदीचं पाणी तासातासाला चढतं-उतरतं, तिथे ट्राउटने खडीत घातलेली अंडी कधी उघडी पडतात, कधी वाहून जातात. गाळ पुढे जात नाही, मासा वर चढत नाही. मोकळी नदी कशी वागते हे माहीतच नसेल, तर अडवलेल्या नदीत किती पाणी सोडायचं हे आम्ही अभियंते कशाच्या आधारावर ठरवणार?

गुशैणीच्या वर गाडीरस्ता थोडाच आहे. पुढे रोपा गावावरून पायवाट ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेपर्यंत जाते आणि तिथून रोल्ला. या उद्यानाची प्राथमिक अधिसूचना १९८४ ची, अंतिम १९९९ ची, आणि २०१४ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आलं. तीर्थनचा उगम या उद्यानातच, वर तीर्थ नावाच्या जागी आहे. वाट चढाची असली तरी कठीण नाही. सावकाश चालणाऱ्याला सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत येता येतं. देवदार, अक्रोड, मधेच एखादं पाणचक्कीचं घर. हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणा याच जंगलात राहतो. तो आम्हाला दिसला नाही, दिसावा अशी अपेक्षाही नव्हती. फार लाजरा पक्षी आहे आणि आपल्या पायवाटांपासून दूर, दाट झाडोऱ्यात असतो. परतताना एका घरी सिड्डू खाल्ले, तुपात बुडवून, वर अक्रोडाची चटणी.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. चंडीगडपर्यंत रेल्वे किंवा विमान, तिथून मनालीच्या बसने औटला उतरावं आणि पुढे बंजारची बस किंवा टॅक्सी घ्यावी. भुंतरचा विमानतळ औटहून जवळ आहे, पण हवामानावर भरवसा ठेवता येत नाही. मासेमारीसाठी हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो. तो काढल्याशिवाय पाण्यात रॉड घालू नये, आणि परवाना तपासला जातो. पाच नंबरचा, नऊ फुटी रॉड पुरतो. बूट घ्यावेत ते तळाला पकड असलेले, कारण शेवाळलेला गोटा वय बघत नाही. हातात काठी ठेवावी. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मागे फिरावं. सेकंदाला मीटरभर वेगाचं, मांडीपर्यंतचं पाणी धडधाकट माणसालाही उचलू शकतं. कॅमेऱ्यासाठी दोन भिंगं पुरे, एक रुंद आणि एक लांब पल्ल्याचं, आणि पोलरायझर विसरू नये. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तोच ब्राउन ट्राउटच्या विणीचा काळ. त्या महिन्यांत पाण्यात पायही घालू नये, खडीतली अंडी चिरडतात. काठावरून फोटो मात्र काढता येतात, आणि पाणी वर्षातलं सर्वांत नितळ तेव्हाच असतं.